वीणा खाली ठेवायची नसते

ग्रंथ उघडू नका. रुमालात बांधलेला आहे तसाच राहू दे. आज मी ओव्यांचा अर्थ सांगायला बसलेले नाही.

गेल्या आठवड्यात सप्ताह झाला. काल्याचं कीर्तन झालं, महाप्रसादाच्या पंगती उठल्या, मांडव सुटला. आज दारातून आत येताना चौघांनी मला सांगितलं, "बाई, सप्ताह फार छान पार पडला." तो छान पार पडलेला नाही. का, ते सांगते. मधे कोणी बोलू नका. फोन पिशवीत टाका. पारायणाला बसल्यावरही तो मांडीवर होता तुमच्या, हे मी सात दिवस पाहिलंय.

सहाव्या दिवसाची पहाट. काकड्यासाठी मी साडेचारच्या सुमारास मांडवात आले. वीणेच्या जागी शेजारच्या गोदामाचा रखवालदार उभा होता. खाकी सदरा, वर जुना स्वेटर. काठी खांबाला टेकवलेली, चपला मांडवाच्या बाहेर नीट जोडून काढलेल्या. गळ्यात वीणा. डोळे मिटलेले नव्हते, समोरच्या समईकडे लागलेले होते, आणि तो अगदी हळू आवाजात 'रामकृष्णहरी' म्हणत होता. एका लयीत. पाय थरथरत होते.

तो तिथे का उभा होता, हे तुमच्यापैकी बहुतेकांना अजून माहीत नाही. कारण विचारावं असं कोणालाच वाटलं नाही. मी विचारलं. बारा ते दोनचा वीणेचा पहारा आपल्या आबांचा होता. वय ऐंशीच्या पुढचं, पायाला सूज. दोन ते चारचं नाव ज्याचं होतं तो आला नाही. आबा अडीचपर्यंत उभे राहिले, पावणेतीनपर्यंत राहिले. मग त्यांना घेरी आली. मांडवात झोपलेल्यांना दोन हाका मारल्या, कोणी उठलं नाही. हाक ऐकून फाटकावरून आला तो हा रखवालदार. आबांनी वीणा उतरवून त्याच्या गळ्यात घातली आणि पहारा बदलताना पडतात तसे ते त्याच्या पाया पडले. ऐंशी वर्षांचा माणूस. मग भिंतीला टेकून बसले. आणि तो पाच वाजेपर्यंत उभा राहिला.

पाच वाजता ज्याचा पहारा चुकला होता तो आला. झोप झालेली, अंघोळ झालेली, गंध लावलेलं. आणि पहिलं वाक्य काय बोलला? "तुला कोणी सांगितलं वीणेला हात लावायला?" दुसरं, "अंघोळ केलीस का?" तिसरं, "गळ्यात माळ तरी आहे का तुझ्या?"

त्याचं नाव मी घेणार नाही. तो इथे बसलेला आहे. सातवीत तो माझ्या वर्गात होता, म्हणून त्याला मी आजही अरेतुरे करते. तुझ्याकडे येतेच. पण आधी बाकीच्यांशी बोलायचंय, कारण तो एकटाच बोलला आणि तुम्ही त्रेचाळीस जण गप्प राहिलात.

रखवालदाराने वीणा गळ्यातून काढली. दोन्ही हातांवर धरली. तुमच्याकडे पाहिलं. ती कोणाकडे द्यावी ते त्याला कळेना आणि कोणाचाही हात पुढे येईना. इतकं बोलून घेतल्यावर दुसरा एखादा असता तर ती सतरंजीवर ठेवून निघून गेला असता. त्याने ठेवली नाही. वीणा खाली ठेवायची नसते, हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. ज्यांना शिकवलं होतं ते झोपले होते.

शेवटी मी काकड्याचं तबक बाजूला ठेवलं आणि वीणा घेतली. घेताना मी त्याच्या पाया पडले नाही. पडायला हवं होतं. पहारा बदलताना एकमेकांच्या पाया पडतात, मग समोरचा कोणीही असो, वयाने मोठा असो की धाकटा. मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं, पण तुम्ही सगळे बघत होतात म्हणून मी क्षणभर थांबले, आणि तेवढ्यात तो काठी उचलून निघून गेला. तुमची चूक सांगताना माझी लपवणार नाही. लपवली तर हा वर्ग घेण्याचा मला अधिकार नाही.

आदल्या दिवशी आपण काय वाचलं होतं? आठवा. ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय. भगवंतांनी पाच श्लोकांत ज्ञानाची वीस लक्षणं सांगितली आहेत. त्यांतलं पहिलं कोणतं? वेदपठण नव्हे, समाधी नव्हे. अमानित्व. मान नको वाटणं. दुसरं? अदंभित्व. तिसरं अहिंसा. ज्ञानाचा पाढा तिथून सुरू होतो, आणि तुम्ही पहिल्या तिन्ही घरांत नापास झालात, तेही वाचल्याला चोवीस तास व्हायच्या आत.

या तीन शब्दांपाशी माउली किती वेळ थांबतात ते तरी लक्षात घेतलंत का? अहिंसा म्हटल्यावर आपल्याला वाटतं, आपण मांसमच्छी खात नाही, कोणाला मारत नाही, म्हणजे झालं. ज्ञानदेव तिथे आधी यज्ञातल्या हिंसेचा प्रश्न काढतात. पावसासाठी जीव मारायचे आणि त्याला धर्म म्हणायचं, हे कसलं, असं विचारतात. आणि एक दाखला देतात, तो तर आपल्यासाठीच दिल्यासारखा आहे: देऊळ मोडून त्याच्याच दगडांनी देवाभोवती भिंत बांधावी, तसलं हे काम. सहाव्या दिवशी पहाटे तुम्ही दुसरं काय केलंत? वीणेचं पावित्र्य राखायला निघालात आणि ज्याने ती पहाटेपर्यंत राखली त्यालाच मोडलंत.

पुढे ते अहिंसा माणसाच्या अंगात कशी दिसते ते सांगायला लागतात. अवयव अवयव घेऊन. चालणं कसं? बगळा पाण्यात पाऊल टाकतो तसं, लाटसुद्धा फुटू नये अशा बेताने. भुंगा कमळावर बसतो तसं, आतला केसर चुरगळेल या भीतीने. मग बोलणं. बोलण्याच्या आधी त्याची माया पोचलेली असते, शब्द मागून येतात. मग नजर, मग हात. त्या हातांना सवय कसली? जोडले जाण्याची, अभय देण्याची, पडलेल्याला उठवण्याची. हे सगळं झाल्यावर ते मनाकडे येतात आणि सांगतात की मनात जे नाही ते बाहेर येतच नाही. बीच नसेल तर अंकुर फुटायचा कुठून?

म्हणजे बघा, आपण त्या पहाटे जे ऐकलं ते तोंडातून सटकलेलं नव्हतं. ते आत होतं. रोज होतं. सात दिवस गंधाखाली झाकलेलं होतं. "मला राग आला हो, माझ्या मनात तसं काही नव्हतं," असं कोणी म्हणू नका. होतं. वरच्या माणसाशी बोलताना तुमचा आवाज कधी सटकत नाही. बँकेतल्या साहेबाशी नाही, डॉक्टरशी नाही, कीर्तनकार महाराजांशी तर नाहीच. तो सटकतो भांडी घासणाऱ्या बाईवर, रिक्षावाल्यावर, सुनेवर, म्हाताऱ्या आईवर. जो उलट बोलू शकत नाही त्याच्यावरच. जी गोष्ट माणूस बघून सटकते ती सटकत नसते. ती सोडलेली असते.

तुमच्यातल्या एकीने मला मागच्या महिन्यात विचारलं, "बाई, इतकी वर्षं वाचते, अकरा पारायणं झाली, पण मनाला शांती नाही." मी तेव्हा काही बोलले नाही. आज बोलते. तुम्ही ज्या दिवशी मला हे विचारलंत त्याच दिवशी सकाळी तुमच्या घरात पोथी चालू असताना, एका ओवीवर बोट ठेवून, तुम्ही स्वयंपाकघरात ओरडला होतात. कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजत का नाही, म्हणून. मी हॉलमध्ये बसलेले होते. ओरडून झाल्यावर बोट जिथे होतं तिथून पुढे वाचायला लागलात. तुमच्या मनाला शांती नाही याचं मला आश्चर्य वाटत नाही. शांती मागायच्या आधी, ओरडून झाल्यावर ग्रंथ मिटून आत जा. जिला ओरडलात तिच्यापाशी उभं राहा. त्या दिवशी दहा ओव्या कमी झाल्या तरी चालतील.

आकड्यांचं वेड आपल्या सगळ्यांनाच लागलंय. किती पारायणं, किती माळा, कितवी वारी. सुमारे नऊ हजार ओव्या सात दिवसांत म्हणजे दिवसाला तेराशेच्या आसपास. तेवढ्या पुऱ्या करायच्या तर धावावंच लागतं, हे मलाही कळतं. सामूहिक वाचनाला बळ असतं, तेही मानते. चाळीस आवाज एकत्र निघाले की माझ्याही अंगावर काटा येतो. पण ज्या अध्यायात दंभ नको असं लिहिलंय तो वाचून झाल्याचा फोटो त्याच संध्याकाळी तुमच्यापैकी सात जणांनी टाकला. शेतकरी पेरलेलं बी मातीखाली झाकतो, तसं केलेलं सत्कर्म झाकावं, असं तिथे सांगितलंय. तुम्ही ते शेतातून उकरून लोकांना दाखवत फिरलात. उकरलेलं बी उगवत नाही. गावाकडची माणसं आहात, हे मी सांगायला नको.

एकनाथ महाराजांची ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे. देवगडावर जनार्दनस्वामींनी त्यांना हिशेबाला बसवलं. एका पैची चूक सापडेना म्हणून पोरगं रात्रभर दिवा लावून बसलं, आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. ही गोष्ट लहान मुलांना प्रामाणिकपणा शिकवायला सांगतात. मला ती वेगळीच दिसते. त्या मुलाने बेरीज किती मोठी झाली ते पाहिलं नाही. चूक कुठे आहे ते पाहिलं. पुढे याच माणसाने 1584 साली ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती समोर ठेवून त्यांतले नकलाकारांनी घुसडलेले पाठ काढले आणि ग्रंथ शुद्ध करून दिला. आपण आज जो वाचतो त्यात त्यांची ती नजर आहे. तुम्ही रोज रात्री झोपताना पै शोधायला बसता का? दिवसभरात आवाज कुठे चढला, कोणासमोर चढला, कोणासमोर नेमका चढला नाही. पाच मिनिटं लागतात. जपमाळेपेक्षा कमी.

आता तू. मान वर कर.

तू विचारलंस, तुला हात लावायला कोणी सांगितलं. हा प्रश्न नवा नाही, बाळा. ज्याचा ग्रंथ तू डोक्यावर घेऊन दिंडीत चालतोस त्याला हाच प्रश्न विचारला गेला होता. संन्याशाची पोरं म्हणून आळंदीने त्या चार भावंडांना वाळीत टाकलं. मुंजीचा अधिकार नाकारला. शुद्धिपत्रासाठी ती पोरं पैठणला गेली, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या चौघांतल्या एकाने 1290 साली नेवाशाला गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, म्हणजे ज्यांना कोणी हात लावू देत नव्हतं त्यांच्या हातात दिला. आणि तू तो ग्रंथ वाचून उठलास आणि पहिल्याच माणसाला अधिकार विचारलास.

अंघोळ, माळ, हे तू विचारलंस. मी तुला लहानपणापासून ओळखते. तुला जे विचारायचं होतं ते वेगळंच होतं आणि ते विचारायची आता सोय राहिलेली नाही, म्हणून तू अंघोळीआडून विचारलंस. इथे बसलेल्या प्रत्येकाला ते कळलं. त्यालाही कळलं. पंढरपूरला महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. तू दर आषाढीला तिथे डोकं टेकवतोस. ती दाराबाहेर का आहे, याचा कधी विचार केलास? ते दार उघडावं म्हणून 1947च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे मधली सहाशेहून जास्त वर्षं विठ्ठलाचं नाव घेणारी माणसं दारात उभी राहून हेच विचारत होती, जे तू विचारलंस. तू त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलास. चोखोबांच्या नव्हे.

आणि तुला राग कशाचा आला होता, तेही सांगते. वीणेला कोणी हात लावला म्हणून नाही आला. तुझा पहारा चुकला होता आणि तो दुसऱ्या कोणीतरी, बिनबोभाट, तुझ्यापेक्षा चांगला दिला होता, याचा आला. स्वतःची लाज माणसाला सहन होत नाही. मग तो ती दुसऱ्याच्या अंगावर फेकतो. झोप लागणं हा अपराध नाही. दिवसभर दुकान सांभाळून तू पहाऱ्याला नाव दिलंस, त्याचं मला कौतुकच होतं. "माझा डोळा लागला, तू सांभाळलंस," एवढंच म्हणाला असतास, तर सप्ताह खरोखर छान पार पडला असता.

तुझे डोळे भरलेत, ते दिसतंय मला. मी थांबणार नाही त्यामुळे.

मगाशी मागच्या रांगेतून दोघं उठून गेले. त्यांना वाटलं असेल, बाईंनी देवाच्या जागेत असं बोलू नये. वारकऱ्यांच्या घरात बोलणी खाण्याची रीत फार जुनी आहे. ज्ञानदेव लोकांच्या बोलण्याने उद्विग्न होऊन ताटी लावून आत बसले, तेव्हा बाहेर उभी राहून त्यांची कानउघाडणी करणारी मुक्ताई वयाने त्यांच्याहून लहान होती, आणि त्यांनी ताटी उघडली. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना सगळ्यांसमोर कच्चं मडकं म्हटलं. विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो अशी ज्यांची ख्याती, त्यांना! नामदेव दुखावले, उठून गेले. पण गेले कुठे? औंढ्या नागनाथाला, विसोबांच्या पायाशी. उठून जायला माझी हरकत नाही. नामदेवांसारखं जा.

आपण एकमेकांना 'माउली' म्हणतो. वारीत तर रस्त्यावरच्या पोलिसालाही म्हणतो, चहावाल्यालाही म्हणतो. किती सहज तोंडात बसलाय तो शब्द. त्या रात्री पावणेतीन वाजता आबांनी त्या रखवालदाराला 'माउली' म्हणून हाक मारली होती. त्यांनीच सांगितलं मला. हाक ऐकून तो आला. त्याला वाटलं, आपल्यालाच बोलावलं. आणि त्याला खरंच बोलावलं होतं. पाच वाजता आपण त्याला सांगितलं की ती हाक तुझ्यासाठी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी गोदामावर गेले. राहिलेला नमस्कार करायचा होता. मी वाकले तसा तो दोन पावलं मागे सरकला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "असं करू नका बाई, कोणी बघंल." मी म्हटलं, "बघू दे की." तर म्हणाला, "तुमचं काय नाय. मला परत बोलतील." मग त्याने मला खुर्ची दिली. स्वतः उभा राहिला. मी त्याला पुढच्या सप्ताहात पहाऱ्याला नाव देशील का, असं विचारलं. नको म्हणाला. रागाने नाही. "लांबून ऐकीन की. फाटकावरनं सगळं ऐकू येतं," म्हणाला. तेरा वर्षं तो फाटकावरून आपला हरिपाठ ऐकतोय. सगळे अभंग त्याला पाठ आहेत. आपल्यापैकी कोणाला हे ठाऊक होतं?

मी घरी येऊन तेरावा अध्याय पुन्हा काढला आणि मला तो वाचवेना. म्हणून आज वाचन नाही. पुढच्या गुरुवारीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. किती गुरुवार ते मी सांगणार नाही. ज्यांना पारायणाचा आकडा पुरा करायचा आहे त्यांनी दुसरीकडे जावं, गावात वर्ग पुष्कळ आहेत.

आबा, तुम्ही बसा. तुम्हाला उठायची गरज नाही.

बाकीचे उठा. तू सगळ्यात पुढे चल. काय बोलायचं ते मला विचारू नकोस, ते मी शिकवणार नाही. हात जोडायचे की पाया पडायचं, तेही विचारू नकोस. एवढंच लक्षात ठेव, तो मागे सरकेल. सरकला तर त्याच्या मागे जाऊ नकोस. जिथे आहेस तिथेच उभा राहा.

त्याची पाळी सहाला सुरू होते. पावणेसहा झालेत.